मुलांच्या फुटबॉल लीगमध्ये रेफरी व्हायचंय? मग आधी पळायची तयारी ठेवा

मुलांच्या लीगमध्ये पहिल्यांदा रेफरी म्हणून उभं राहणार असाल तर बाकी सगळ्याच्या आधी एक सांगते, पळायची तयारी ठेवा. नियम वाचून येतात, कार्ड कधी काढायचं तेही चार-सहा मॅचनंतर कळायला लागतं, पण बॉलपासून चाळीस मीटर लांब उभं राहून दिलेला निर्णय अगदी बरोबर असला तरी कोणाला पटत नाही आणि दहा-बारा मीटरवरून दिलेला निर्णय थोडा इकडेतिकडे झाला तरी मुलं मान हलवतात आणि पुढे खेळायला लागतात. मला हे एका अकरा वर्षांच्या मुलाने शिकवलं. बॉक्समध्ये, म्हणजे गोलसमोरच्या आखलेल्या मोठ्या चौकोनात, त्याच्या खांद्याला बॉल लागला, मी सेंटर सर्कलमध्येच होते, तिथून मला हात वाटला आणि मी पेनल्टी दिली. त्यांची टीम एका गोलने हरली. मॅच संपल्यावर तो हात मिळवायला आला आणि अगदी शांतपणे म्हणाला, ताई, तुम्हाला तिथून दिसलं तरी का? माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी मॅचमध्ये चालत नाही.

आता नियमांचं. फुटबॉलचे कायदे १७ आहेत आणि ते ठरवते आयफॅब नावाची संस्था, ती १८८६ पासूनची आहे. पुस्तक फुकट वाचता येतं, एकदा सावकाश वाचून काढा, दुसऱ्यांदा वाचताना फक्त फाउल, ऑफसाइड आणि खेळ परत सुरू करायचे प्रकार यांच्यावर वेळ घालवा कारण मैदानात नव्वद टक्के वेळा तेच लागतं. पण मुलांच्या मॅचसाठी याच पुस्तकात सूट दिलेली आहे, मैदान लहान, गोल लहान, बॉल लहान, वेळ कमी, बाहेर गेलेला खेळाडू परत आत येऊ शकतो, पिवळ्या कार्डासाठी थोडा वेळ बाहेर बसवायची सोय, हे सगळं प्रत्येक लीग आपापल्या पद्धतीने ठरवते. म्हणून तुमच्या लीगचा स्वतःचा नियमांचा कागद आधी मागून घ्या आणि त्यात या गोष्टी शोधा: हाफ किती मिनिटांचा, बॉल ३ नंबरचा की ४ की ५, ऑफसाइड कुठल्या वयापासून धरायचा, थ्रो-इन (बाजूच्या लाइनबाहेर गेलेला बॉल हाताने आत टाकणं) चुकला तर दुसरा चान्स द्यायचा का, आणि हेडिंग, म्हणजे डोक्याने बॉल मारणं, चालतं का. हेडिंगचं नक्की विचारा. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं हेडिंग बंद केलं, त्यानंतर इतर ठिकाणीही लहान वयात ते कमी करत आणलंय, त्यामुळे तुमच्या वयोगटात काय आहे हे मॅच सुरू झाल्यावर कळून उपयोग नाही.

अजून एक, जुने नियम डोक्यात बसलेले लोक बाहेरून ओरडत असतात आणि तुम्हालाच शंका यायला लागते. तीन गोष्टी पक्क्या करून ठेवा. किक-ऑफला बॉल पुढेच मारायला पाहिजे असं आता नाही, २०१६ पासून कुठल्याही दिशेला मारता येतो. गोलकिकला, म्हणजे आपल्या गोलसमोरून किक मारून बॉल परत खेळात आणताना, बॉल बॉक्सच्या बाहेर जायची वाट बघायची नाही, २०१९ पासून किक बसून बॉल नीट हलला की खेळ सुरू, फक्त समोरच्या टीमने तोपर्यंत बॉक्सबाहेर थांबायचं. आणि गोलकिपरने बॉल हातात धरून ठेवायचा वेळ, आधी ६ सेकंद होते आणि जास्त धरला तर इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावरून थेट गोल होत नाही) होती, २०२५ पासून ८ सेकंद झालेत आणि जास्त धरला तर समोरच्या टीमला कॉर्नर मिळतो, शेवटची पाच सेकंदं रेफरीने हात वर करून बोटांनी मोजून दाखवायची. लहान मुलांच्या लीगमध्ये हे किती कडक लावायचं ते मात्र लीगला विचारून घ्या, आठ वर्षांच्या किपरला बॉल कोणाला द्यायचा ते सुचेपर्यंतच आठ सेकंद जातात.

बॅगेत दोन शिट्ट्या, दोन घड्याळं, दोन पेनं, एक छोटी वही, कार्डं, टॉससाठी नाणं, बॉलचा पंप आणि पाणी. सगळं दोन-दोन का, तर पहिल्या हाफच्या मध्यात घड्याळ बंद पडलं की किती वेळ राहिला ते कोणालाच सांगता येत नाही आणि मग दोन्ही कोच आपापल्या सोयीचा आकडा सांगतात. शिट्टी आत मणी नसलेली घ्या. कॅनडाचे बास्केटबॉल रेफरी रॉन फॉक्सक्रॉफ्ट यांची शिट्टी ऐन मॅचमध्ये मणी अडकून वाजलीच नाही, मग त्यांनी बिनमण्याची शिट्टी तयार करून घेतली आणि ती १९८७ मध्ये फॉक्स ४० या नावाने बाजारात आली. पावसात भिजली, थुंकी गेली, तरी वाजते.

मैदानावर किमान अर्धा तास आधी पोहोचा. आणि पोहोचल्यावर पहिलं काम गोलपोस्ट. मी हात जोडून सांगते, हे विसरू नका. उचलून नेता येणारे गोल असतात ते जमिनीला नीट बांधलेले किंवा मागून वजन ठेवून पक्के केलेले असायलाच पाहिजेत, कायदा क्रमांक १ मध्येच हे लिहिलंय, कारण पोरं क्रॉसबारला लटकतात आणि गोल पुढे उलटतो, यात मुलं दगावलेली आहेत. दोन्ही हातांनी बार धरून पुढे ओढून बघा. हलला तर मॅच सुरू करायची नाही, कोणी कितीही घाई केली तरी नाही, पक्का करा मग सुरू करू एवढंच बोलायचं. त्यानंतर सगळं मैदान एकदा चालून या, खड्डे, काचा, दगड, नेटला पडलेली भोकं. बॉल दाबून बघा, उंचावरून टाकून बघा, नंबर वाचा.

मग मुलं बघायची. शिनगार्ड, म्हणजे नडगीवरचं संरक्षण, सगळ्यांना पाहिजे आणि मोज्यांच्या आत पाहिजे. कानातलं, चेन, अंगठी, कडं, रबरबँडचे कंगन सगळं काढायचं, वर टेप लावून चालत नाही, हा मुद्दा दर आठवड्याला निघतो. आठ वर्षांची मुलगी डोळ्यांत पाणी आणून म्हणते की काल-परवाच कान टोचलेत, भोक बुजेल. वाईट वाटतं, पण बॉल कानावर बसला की काय होतं ते एकदा बघितलं की मन घट्ट होतं. तिला गुडघ्यावर बसून समजावून सांगा, आईला बोलवा, काढून घेऊ दे, आणि नाहीच काढता आलं तर आज नाही खेळता येणार हे तुम्ही स्वतः सांगा, कोचवर ढकलू नका. खेळाचा चष्मा चालतो, डोकं झाकायचं कापड नीट बसलेलं असेल तर तेही चालतं. हे सगळं तपासताना मुलांशी बोला, बुटाची नाडी दुहेरी बांधून द्या, किपरला विचारा हातमोजे घट्ट आहेत ना. तिथे दोन मिनिटं बोललेलं पुढे तासभर कामाला येतं, कारण मग तुम्ही त्यांच्यासाठी शिट्टीवाली बाई राहत नाही.

टॉसला दोन कॅप्टन बोलवा. जिंकणारी टीम एक तर कुठल्या गोलवर आक्रमण करायचं ते निवडते नाहीतर किक-ऑफ घेते. तिथेच दोघांना सांगून टाका की काही विचारायचं असेल तर तुम्ही दोघांनी यायचं, बाकी कोणी नाही. मुलं हे फार मनावर घेतात, कॅप्टनची पट्टी बांधलेलं पोर लगेच दोन इंच उंच होतं.

शिट्टी वाजवायची कशी, तर साधी सवय लावा, शिट्टी तोंडात नाही, हातात. तोंडात असली की डोक्याने विचार करायच्या आधी फुंकर जाते. माझ्याकडून असा एक गोल गेलाय. डिफेंडरने पायात पाय घातला, मुलगी कोलमडली, मी फुंकलं, आणि तोपर्यंत ती उठून बॉल घेऊन निघालीसुद्धा आणि गोलही मारला. शिट्टी झालेली, मग गोल कसला, फ्री किक. तिचा तो दोन्ही हात वर करून वळलेला चेहरा आणि मग माझ्याकडे बघून खाली आलेले हात, ते अजून डोळ्यांसमोर आहे. हातात शिट्टी असली की वर नेईपर्यंत अर्धा-एक सेकंद मिळतो आणि त्या अर्ध्या सेकंदात पुढे काय होतंय ते दिसतं. अडव्हांटेजचा नियम त्यासाठीच आहे, फाउल झाला पण बॉल त्याच टीमकडे आहे आणि पुढे वाट मोकळी आहे तर हात पुढे करून मोठ्याने अडव्हांटेज, खेळा म्हणायचं, आणि दोन-तीन सेकंदात काही निघालं नाही तर परत येऊन फाउल देता येतो. फक्त एक बघा, पडलेलं मूल खरंच लागून पडलंय असं वाटलं तर अडव्हांटेज विसरा आणि थांबवा.

साध्या थ्रो-इनला शिट्टी लागत नाही, हाताने दिशा दाखवली की झालं. फाउलला छोटी आणि कडक. दांडगाई झाली, कोणी कोणाला धक्का दिला तर लांब आणि जोरात, सगळं मैदान थांबलं पाहिजे. सारखी एकाच आवाजात वाजवली की मुलं ऐकायचीच बंद होतात. आणि शिट्टीनंतर तोंडाने सांगा, लहान वयात हे फार महत्त्वाचं आहे, नुसता हात दाखवून त्यांना कळत नाही, पाठीमागून ढकललंस, निळ्यांची फ्री किक, असं नंबर आणि रंगासकट.

उभं कुठे राहायचं याला एक जुनी पद्धत आहे, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेषा धरायची आणि साधारण त्या रेषेवर वर-खाली पळायचं, असिस्टंट रेफरी असतील तर ते उरलेल्या दोन बाजू बघतात. पण मुलांच्या मॅचला बहुतेक वेळा तुम्ही एकटेच असता आणि सगळी पोरं बॉलभोवती एका घोळक्यात असतात, त्यामुळे रेषा धरा पण बॉलपासून दहा-पंधरा मीटरच्या आत राहा आणि घोळक्याच्या पाठीमागे न जाता बाजूला जा. बाजूने बघितलं की दोन खेळाडूंमधली फट दिसते. पाठीमागून फक्त पाठी दिसतात. कॉर्नरच्या वेळी गोललाइनजवळ बॉक्सच्या कोपऱ्यात उभं राहा, तिथून किपरला कोण अडवतंय तेही दिसतं आणि बॉल लाइनच्या आत पूर्ण गेला की नाही तेही. पूर्ण, हा शब्द लक्षात ठेवा, बॉलचा केसभर भाग जरी लाइनवर असला तरी गोल नाही आणि बाहेरही नाही. गोलकिकच्या वेळी उलट, आधीच मागे सरकून मध्याजवळ जा, म्हणजे बॉल उडाला की तुम्ही तिथे असाल.

थ्रो-इनवर थोडं जास्त बोलते कारण दहा वर्षांखालच्या मॅचमध्ये सगळ्यात जास्त वेळा तेच येतं. दोन्ही हात, डोक्याच्या मागून आणि डोक्यावरून, तोंड मैदानाकडे, दोन्ही पायांचा काही ना काही भाग लाइनवर किंवा लाइनबाहेर जमिनीला टेकलेला. इथे मुलं काय करतात तर जोर लावायच्या नादात मागचा पाय उचलतात, अगदी बोटांवरून सुटतो पाय, टाच वर असली तर चालते पण अख्खा पाय हवेत गेला की चुकला. कायद्याप्रमाणे मग थ्रो समोरच्या टीमला. लीगने दुसरा चान्स मान्य केला असेल तर शिट्टी वाजवा, जवळ जा, आणि स्वतः करून दाखवा, बूट लाइनवर ठेवा, पंजा जमिनीला घट्ट, बॉल मानेला लागेपर्यंत मागे, आता सोड. मी एका सहा-सात वर्षांच्या पोराला असं दाखवलं तर त्याने बॉल डोक्यामागे नेला आणि तोलच गेला, मागे बसला, दुसऱ्यांदा केला तेव्हा बॉल जेमतेम दोन मीटर गेला पण पाय हलला नाही. जाता जाता हेही, थ्रो-इन थेट समोरच्या गोलमध्ये गेला तर गोल नाही, गोलकिक, आणि समोरच्या खेळाडूने थ्रो टाकणाऱ्यापासून किमान २ मीटर लांब राहायचं.

ऑफसाइड जिथे लागू आहे तिथे तीन गोष्टींनी काम भागतं. खेळाडू समोरच्या हाफमध्ये आहे का, बॉल आणि शेवटून दुसरा डिफेंडर या दोघांच्याही पुढे आहे का (किपरही मोजायचा), आणि हे सगळं बघायचं ते साथीदाराने बॉल मारला त्या क्षणाला, बॉल पोहोचला तेव्हा नाही. सगळी भांडणं या शेवटच्या भागावरून होतात. हात मोजायचे नाहीत. गोलकिक, कॉर्नर आणि थ्रो-इनवरून ऑफसाइड होत नाही, हे बाहेरच्या लोकांना कितीही वेळा सांगा, परत ओरडतात. आणि नुसतं पुढे उभं राहणं हा गुन्हा नाही, त्याने बॉल खेळला किंवा कोणाला अडवलं तर. एकटे असाल आणि खात्री नसेल तर खेळू द्या.

फाउल ओळखताना माझी पद्धत कायद्यातलीच आहे. निष्काळजीपणा म्हणजे बघून घेतलं नाही, अंदाज चुकला, पाय आधी आला, याला फक्त फ्री किक. धोका असूनही पर्वा न करता घुसला, तर पिवळं कार्ड, म्हणजे ताकीद. आणि गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोर, समोरच्याला मोडेल असा, तर लाल, म्हणजे मैदानाबाहेर. मुलांमध्ये नव्वद टक्के पहिल्या प्रकारचे असतात, शरीर वाढतंय, पाय लांब झालेत, ताबा नाही, त्यात वाईट हेतू शोधायला जाऊ नका. पण तेरा-चौदाच्या पुढे गेलं की बदलतं. कोपर बघा, शर्ट ओढणं बघा, आणि फाउल झालेल्याने पुढच्या दोन मिनिटांत कोणाच्या मागे धावायला सुरुवात केलीय ते बघा, बदला बहुतेक तेवढ्या वेळात येतो. तेव्हा त्याच्या बाजूने पळत पळत हळू आवाजात सांगायचं, मी बघितलंय, दिलाय फाउल, तू सोड आता. बऱ्याचदा तेवढं पुरतं. आपल्याला कोणीतरी बघितलं एवढंच त्याला हवं असतं.

कार्ड आली १९७० च्या वर्ल्डकपला. केन ॲस्टन हे इंग्लिश रेफरी, १९६६ च्या वर्ल्डकपमध्ये इंग्लंड-अर्जेंटिना मॅचला कोणाला ताकीद मिळाली आणि कोणाला नाही हे खेळाडूंनाच कळलं नव्हतं, त्या गोंधळानंतर ट्रॅफिक सिग्नलवर थांबलेले असताना त्यांना पिवळा-लाल रंग सुचला. म्हणजे कार्ड आलं ते भाषा न कळणाऱ्याला समजावं म्हणून. मुलांच्या मॅचमध्येही कार्ड तसंच वापरा, शांतपणे, अंतर ठेवून, नाकासमोर नाचवायचं नाही, आधी नंबर लिहा, काय केलं ते एका वाक्यात सांगा आणि मग वर करा. दहा वर्षांखाली मला कार्डाची गरज जवळजवळ पडलेलीच नाही, कोचला म्हणायचं, याला पाच मिनिटं पाणी प्यायला बाहेर घ्या, तो शांत झाला की पाठवा. गंभीर काही असेल तर मात्र वय बघू नका.

आता डोक्याची दुखापत, इथे एक मिनिट थांबा. बाकी किरकोळ दुखापतीत बॉल बाहेर जाईपर्यंत बघता येतं, डोक्याला लागलं की लगेच शिट्टी, कोण आक्रमण करतंय याचा विचार नाही. एका मॅचमध्ये दोन मुलींची डोकी एकमेकींवर आपटली, एक रडली, दुसरी उठून उभी राहिली, हसली, म्हणाली मी ठीक आहे. कोचही म्हणाले खेळू दे. मी तिला विचारलं स्कोअर काय, तिने बरोबर सांगितला. मग तिने मला विचारलं, आपण कुठल्या बाजूला गोल मारतोय? मी सांगितलं. अर्ध्या मिनिटाने तिने परत तेच विचारलं, अगदी त्याच शब्दांत. मी तिला बाहेर पाठवलं, कोच रागावले, मी म्हटलं तुम्ही माझी तक्रार करा पण ती आज आत येणार नाही. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, उजेड सहन न होणं, नजर हरवल्यासारखी, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा, यातलं एक जरी दिसलं किंवा नुसती शंका जरी आली तरी त्या दिवशीचा खेळ संपला आणि डॉक्टरला दाखवायचं. बेशुद्ध पडलं, उलटी झाली, मान दुखते म्हणाली तर हलवायचं नाही, लगेच अँब्युलन्स. तुम्ही डॉक्टर नाही त्यामुळे तुम्हाला काय झालंय ते ठरवायचंच नाहीये. थांबवलेला खेळ नंतर ड्रॉप बॉलने सुरू करायचा, एका टीमच्या एकाच खेळाडूला बॉल टाकून द्यायचा आणि बाकी सगळे ४ मीटर लांब.

विजांचंही तेच. गडगडाट ऐकू आला की मैदान रिकामं, झाडाखाली नाही, पक्क्या इमारतीत किंवा गाडीत, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून ३० मिनिटं झाल्याशिवाय परत यायचं नाही, मध्ये परत वाजलं तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. दोन मिनिटं राहिली असली तरी.

कोच आणि पालक. खरं सांगायचं तर रेफरिंग सोडून जाणारे बरेच जण मुलांमुळे नाही, बाहेरच्या आवाजामुळे जातात, म्हणून हे नीट वाचा. तीन पायऱ्या ठेवा. पहिल्यांदा खेळ थांबला की जवळ जाऊन साध्या आवाजात विनंती, सर, तुम्ही मुलांना सांगा, मला नको. दुसऱ्यांदा स्पष्ट ताकीद, लागलं तर पिवळं कार्ड, २०१९ पासून कोचलाही कार्ड दाखवता येतं आणि बेंचवरून नक्की कोण ओरडलं ते कळलं नाही तर ते तिथल्या मुख्य कोचच्या नावावर जातं. तिसऱ्यांदा बाहेर. पालकांशी तुम्ही थेट भांडायचं नाही, खेळ थांबवून त्या बाजूच्या कोचला बोलवा आणि सांगा, त्या पिवळ्या छत्रीपाशी जे उभे आहेत त्यांना तुम्ही शांत करा, तोपर्यंत मी थांबते. अख्खं मैदान शांत उभं आहे आणि सगळे आपल्याकडेच बघतायत, यात जो परिणाम आहे तो वाद घालण्यात नाही. आणि तुम्हाला किंवा कुठल्या मुलाला कोणी धमकावलं, अंगावर आलं, तर मॅच बंद करून मुलांना घेऊन बाजूला व्हा, बाकीचं लीग बघेल.

तुम्ही स्वतःच पंधरा-सोळा वर्षांचे असाल, खूप लीगमध्ये लहान वयोगटाला थोडी मोठी मुलंच रेफरी असतात, तर पहिल्या काही मॅचना एखादा मोठा अनुभवी रेफरी साइडलाइनला असावा असं लीगला स्पष्ट सांगा. मोठी माणसं मोठ्या आवाजात बोलतात म्हणून ती बरोबर नसतात. तुमच्यासाठी उभं राहणारं कोणीतरी तिथे पाहिजे, हे मागायला लाजू नका.

चुका होणारच. चूक लगेच लक्षात आली आणि खेळ अजून परत सुरू झालेला नसेल तर निर्णय बदलता येतो, शिट्टी वाजवा, हात वर करा, म्हणा माझं चुकलं, बॉल लाल टीमचा. मुलं हे फार सहज घेतात. एकदा खेळ सुरू झाला की मात्र मागे जाता येत नाही, आणि तिथे सगळ्यात मोठी चूक होते ती भरपाईची, मघाशी यांचं गेलं तर आता यांना एक देऊ. नका देऊ. ती दुसरी चूक असते आणि ती तुम्ही जाणूनबुजून केलेली असते. तसंच ओरडण्यावरून निर्णय बदलायचा नाही, मी सुरुवातीच्या एका मॅचला कॉर्नरचा गोलकिक केला होता कारण एक बाजू फार जोरात ओरडली, आणि उरलेली चाळीस मिनिटं दोन्ही बाजू प्रत्येक बॉलला ओरडत राहिल्या. आपला असिस्टंट काही सांगत असेल तर ऐका, तो वेगळ्या कोनातून बघतोय.

एक गोष्ट कुठल्याच कायद्यात नाही पण दर दोन-तीन मॅचला येते, स्कोअर आठ-शून्य झालाय आणि हरणाऱ्या टीमचा किपर नेटमध्ये पाठ करून उभा आहे. बॉल आणायला तुम्ही स्वतः जा. परत देताना बघा त्याला खेळायचं आहे का, नसेल तर त्याच्या कोचला खुणावा, किपर बदलायला रेफरीला सांगून खेळ थांबलेला असताना कोणीही किपर होऊ शकतो, हे बऱ्याच कोचना त्या क्षणी सुचत नाही. जिंकणाऱ्या बाजूच्या कोचला हळूच सांगता येतं की मुलांच्या जागा बदलून बघा. नियम मात्र कोणासाठी सैल करू नका, हरणाऱ्या टीमला फुकटची पेनल्टी दिली की त्या मुलांना कळतं, आणि ते त्यांना आठ गोलपेक्षा जास्त लागतं.

मॅच संपली की दोन्ही टीमशी हात मिळवा, बॉल, कार्डं, नाणं गोळा करा आणि रिपोर्ट त्याच दिवशी लिहा, रात्री नाही, शक्यतो मैदानावरच बसून. स्कोअर, वेळ, कार्ड असेल तर नंबर, मिनिट आणि नेमकं काय घडलं ते, खेळाडू उद्धट होता असं नाही तर त्याने काय शब्द वापरले ते जसेच्या तसे, तुम्ही किती अंतरावर होता तेही. दुखापत झाली असेल तर कोणाला, केव्हा, कशी, आणि मूल कोणाच्या ताब्यात दिलं. गोलपोस्ट हलत होता, पक्का करायला लावला, तेसुद्धा लिहा, पुढच्या आठवड्यात त्याच मैदानावर दुसरा कोणीतरी रेफरी येणार आहे आणि तो आल्या आल्या बार ओढून बघेलच असं नाही.